इदालिनाने कळवलेले बदल

आमच्या मोंते गावात अमेरिकेहून आलेला सरकारी लखोटा कुणी स्वतः फोडत नाही. पोस्टातून तो थेट माझ्या ओसरीवर येतो. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, इंग्रजी वाचतो, अक्षर बरं आहे आणि फी घेत नाही. एवढ्या भांडवलावर ब्राव्हा बेटावर माणूस वकील होऊ शकतो. फीऐवजी लोक अंडी आणतात, पपया आणतात, शेजारच्या फोगो बेटाची कॉफी आणतात. आणि मी सांगेन ते ऐकतात. खरं विचाराल तर माझी फी तीच होती.

अमेरिकेत काम करता करता जायबंदी झालेली, तिथल्या सरकारचं पेन्शन घेऊन बेटावर परत आलेली सात-आठ माणसं आमच्याकडे आहेत. दरवर्षी त्यांना एक छापील कागद येतो. तुमच्या आयुष्यात काय बदललं ते कळवा, असं त्यात म्हटलेलं असतं. पत्ता बदलला का, काम धरलं का, प्रकृती सुधारली का, लग्न झालं का. कागद मुदतीत परत गेला नाही तर पैसे थांबतात. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "मास्तर, आहे तसंच आहे, लिहून टाका." मी सगळीकडे 'नाही' लिहायचो, ते सही ठोकायचे आणि आम्ही कॉफी प्यायचो.

माझ्या घरातही असा एक लखोटा येतो. बिया माझ्याकडे राहायला आली त्याला चौदा वर्षं झाली. अमेरिकेत एका मोठ्या लाँड्रीत ओल्या चादरींच्या गाड्या ढकलून तिची पाठ गेली. तिचा कागद मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरतो. लग्नाच्या रकान्यात मी 'नाही' लिहितो तेव्हा ती नेमकी चुलीकडे तोंड करून काहीतरी ढवळत असते. चौदा वर्षं मी हे बघितलं आणि त्यावर कधी काही बोललो नाही.

पण गोष्ट बियाची नाही, इदालिनाची आहे.

इदालिना लोपिश ही एकटीच बाई अशी, की तिच्या आयुष्यात दरवर्षी काहीतरी बदलायचं. पहिल्या वर्षी ती माझ्यासमोर येऊन बसली, आखडलेला उजवा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "लिहा, शेळी घेतली."

"शेळीला रकाना नाही."

"खाली कोरी जागा आहे ना? तिथे लिहा."

"इदालिना, अमेरिकेचं सरकार तुझ्या शेळीचं काय करणार आहे?"

"ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आपलं काम कळवायचं."

"बरं. एक शेळी."

"गाभण आहे. तेही लिहा."

मी लिहिलं. दुसऱ्या वर्षी करडं कळवली, तिसऱ्या वर्षी चष्मा लागल्याचं. एकदा तिने न्हाणीघराचं छप्पर बदललं तेही तिला कळवायचं होतं. तेव्हा मात्र मी पेन खाली ठेवला. अर्धा तास वाद घातल्यावर ती म्हणाली, "ठीक आहे, छप्पर राहू दे. पण त्यांनी विचारलं तर मी सांगेन, मास्तरांनी लिहू दिलं नाही."

गावात तिची चेष्टा चालायची. कुणाची कोंबडी अंड्यावर बसली की लोक म्हणायचे, इदालिनाला सांगा, अमेरिकेला कळवेल. तिला त्याचं काही वाटायचं नाही. या खरेपणाचं कारण मला तिनेच एकदा कागदावर सही करता करता सांगितलं.

विसाव्या वर्षी ती अमेरिकेत आत्याकडे गेली. मासे कापायच्या कारखान्यात काम होतं, पण तिच्या नावाचे कागद अजून व्हायचे होते. आत्या म्हणाली, माझ्या मुलीच्या नावावर लाग, आपल्या बायका असंच करतात. इदालिनाने ऐकलं नाही. चार महिने आत्याचं घर झाडत, तिचे टोमणे खात बसून राहिली. शेवटी स्वतःच्या नावाचे कागद हातात आले तेव्हाच कारखान्यात पाऊल टाकलं. अकरा वर्षं काम केलं. मग एक दिवस माशांच्या पट्ट्यात उजवा पंजा गेला, पुढे खांदाही धरला. त्याच पट्ट्यावर आमच्या बेटाच्या आणखी दोघी होत्या, दुसऱ्यांच्या नावावर राबणाऱ्या. त्या आजारी पडल्या तेव्हा त्यांच्या नावावर कामाचा एक दिवससुद्धा निघाला नाही.

"मी खरं नाव लिहिलं म्हणून आज जेवते, मास्तर," ती म्हणाली. "कागदाशी खोटं बोललं की तो वेळेला ओळख दाखवत नाही."

एकोणपन्नासाव्या वर्षी तिच्या आयुष्यात असा बदल आला, की ज्याला कागदावर छापील रकाना होता. त्याचं नाव सिल्विनो.

सिल्विनो गवंडी. आमच्या उतारावरच्या शेतांना दगडाचे बांध लागतात. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवायचा. त्यात त्याच्यासारखा हात बेटावर दुसऱ्याचा नाही. इदालिनाचा बांध ढासळला तेव्हा तो दुरुस्तीला आला. काम चार दिवसांचं. महिना झाला तरी तो तिथेच. रोज सकाळी दगड चढवायचा आणि दुपारी दोन दगड काढून पुन्हा तपासायचा. गावाला कळायचं ते कळलं. पोस्टातली निल्डा त्याला रस्त्यात गाठून विचारायची, "काय सिल्विनो, बांध चढतोय की तू चढतोयस?"

"दगड ओला आहे," तो म्हणायचा. तीन महिने पाऊस नव्हता.

आमच्याकडे अशा गोष्टीची एक रीत आहे. एक दिवस पुरुष आपली हत्यारं आणि कपड्यांची पिशवी घेऊन बाईच्या घरी जातो आणि तिथेच राहतो. कुणी काही विचारत नाही. चर्चमधलं लग्न पुढे कधीतरी होतं. मुलं मोठी झाल्यावर, अमेरिकेहून भाऊ येतो तेव्हा, नाहीतर दोघांतलं एक अंथरुणाला खिळल्यावर पाद्री घरी येऊन लावतात. कित्येकांचं होतच नाही. सिल्विनोनेही रीतीप्रमाणे एका शनिवारी पिशवी नेऊन तिच्या दारात ठेवली. इदालिनाने ती उचलली, त्यानेच बांधलेल्या बांधापलीकडे नेऊन ठेवली आणि त्याला म्हणाली, "आधी चर्च, मग पिशवी."

तो गडबडला. "मी कुठे नाही म्हणतोय? पण एवढी घाई कशाला?"

"माझ्या आईला घाई नव्हती," ती म्हणाली.

तिच्या आईची गोष्ट गावातल्या सगळ्यांना माहीत होती, फक्त बोलत कुणी नव्हतं. इदालिनाचा बाप खलाशी. त्याने अमेरिकेत लग्न केलं होतं आणि इथे इदालिनाच्या आईने पंचवीस वर्षं त्याचं घर सांभाळलं, त्याची आई सांभाळली, शेवटचं दुखणं काढलं. तो गेला तेव्हा अमेरिकेची बायको बोटीने आली. चर्चमध्ये पहिल्या बाकावर ती बसली, कारण तिच्याकडे कागद होता. इदालिनाची आई मागे दाराशी उभी राहिली. सतरा वर्षांची इदालिना तिच्या शेजारी होती. आई तिथे रडली नाही. रडायचा मान पुढच्या बाकाचा होता. ती घरी येऊन रडली.

तर इदालिनाला पुढचा बाक हवा होता. तो तिने सिल्विनोकडे मागितला आणि कळवायचं कसं ते विचारायला ती माझ्याकडे आली.

"मास्तर, लग्न केलं तर काय लिहायचं?"

मी खुर्चीत सावरून बसलो. अशा वेळी माझा आवाज आपोआप शाळेतला होतो. "इदालिना, लग्न केलंस तर पेन्शन बंद."

"कुठे लिहिलंय?"

"लग्नाचा रकाना त्यांनी उगीच छापलाय का? आणि ऑगुस्ताचं काय झालं, विसरलीस?"

ऑगुस्ता ही आमच्या गावची पांगळी मुलगी. तिला अमेरिकेहून पैसे यायचे. तिचं लग्न झालं, मी इमानाने कळवलं आणि तीन महिन्यांत पैसे बंद झाले. ते पत्र मी स्वतः वाचलं होतं. पत्राची दोन पानं होती आणि मी त्यातली शेवटची ओळ नीट वाचली होती. तेव्हापासून वीस वर्षं माझा कायदा पक्का होता. जो कुणी लग्नाचं विचारायला यायचा, त्याला मी ऑगुस्ताचं उदाहरण द्यायचो. लोक मान डोलवायचे आणि पपई ठेवून जायचे. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला माझा रंग दिसत नव्हता.

इदालिनाने आखडलेला हात मांडीवर सारखा केला. मग म्हणाली, "ठीक. मग बंद होईल."

मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. "अगं, सगळं बंद. मग खाणार काय?"

"काय खाणार ते बघू. लग्न तर होऊ दे."

ही बातमी उताराने खाली बंदरापर्यंत पोचायला दुपार लागली नाही. आणि मग जो तो सल्ला द्यायला निघाला. निल्डा म्हणाली, "लग्न कर आणि कळवू नकोस. समुद्रापलीकडून कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," इदालिना म्हणाली.

एक म्हणे, चर्चमध्ये कर पण सरकारी नोंद नको. दुसरी म्हणे, इतकी वर्षं निघाली, आता पन्नाशीला कसले बोहल्याचे डोहाळे. सर्वांत जास्त बोललो मी. रोज काहीतरी निमित्त काढून तिच्या दारावरून जायचो आणि पालथ्या घड्यावर पाणी ओतून यायचो.

पण खरा अडला तो सिल्विनो. एका सकाळी तो माझ्या ओसरीवर आला, टोपी हातात फिरवत. "मास्तर, तिला सांगा, मला लग्न नको."

"का रे?"

"माझे गुडघे गेलेत. अजून चार वर्षं बांध बांधेन, फार तर पाच. माझ्यापायी तिची भाकरी जाणार. मी काय तोंड घेऊन तिच्या शेजारी उभा राहू?"

मी काही म्हणायच्या आत इदालिना पायऱ्या चढून वर आली. त्याच्या मागोमागच निघाली असणार.

"तुला माझ्याशी लग्न करायचंय की पेन्शनशी?"

"तुझ्याशी. म्हणून तर नको म्हणतोय."

"हे बघ सिल्विनो. तीन शेळ्या आहेत. डावा हात आहे. वरच्या तुकड्यात कसावा आहे. तुझे गुडघे चार वर्षं आहेत, तू म्हणतोस. चार वर्षं आपण जेवू. पुढचं पुढे."

"आणि पुढे उपास पडला तर?"

"तर नवरा-बायको म्हणून उपाशी राहू. माझ्या आईने पोटभर जेवून काय मिळवलं?"

तो रडला. पन्नाशी ओलांडलेला, हाताला घट्टे पडलेला माणूस माझ्या ओसरीवर टोपीत तोंड घालून रडला. मीही आत जाऊन उगीच पाण्याचा तांब्या शोधला. बाहेर आलो तेव्हा ती त्याला म्हणत होती, "आता टोपी घाल. ओली झाली."

लग्न ठरलं. दुसऱ्या दिवसापासून तिने पेन्शन गेल्याचं धरूनच चालायला सुरुवात केली. एका हाताने चीज करायला शिकली. फाटलेल्या दुधाचा गोळा डाव्या हाताने दाबायचा आणि फडक्याचं टोक दातात धरून पिळायचं. पहिली चार चीजं इतकी खारट झाली की शेळीनेसुद्धा तोंड फिरवलं असतं. पाचवं निल्डाने विकत घेतलं. त्या दिवशी इदालिना माझ्याकडे आली. "चीज विकलं. लिहून ठेवा, कळवायचंय."

"अगं, पेन्शनच जाणार आहे तुझं. आता कशाला?"

"जाईपर्यंत आहे ना?"

चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारली जातात. कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. पहिल्या रविवारी फादरनी दोघांची नावं वाचली तेव्हा मागून कुणीतरी खुसखुसलं. दुसऱ्या रविवारी कुणी हसलं नाही. तिसऱ्या रविवारी नावं वाचून झाल्यावर बायकांच्या बाजूने कुणीतरी मोठ्याने "आमेन" म्हणालं. मी वळून बघितलं तर ती बिया होती.

लग्न शनिवारी सकाळी झालं. धुकं खाली उतरलं होतं आणि चर्चच्या पायऱ्या ओल्या होत्या. इदालिनाने निळा झगा घातला होता, अमेरिकेतले नातेवाईक पिंपात भरून पाठवतात त्या कपड्यांतला, स्वतः डाव्या हाताने लहान केलेला. अंगठी तिच्या उजव्या बोटांत जाईना म्हणून फादरनी जराही वेळ न दवडता डाव्यात घालायला सांगितली. मग प्रसादाची रांग लागली. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना आमच्याकडे प्रसाद मिळत नाही, त्यामुळे मी आणि बिया आपापल्या बाकांवर बसून होतो. बिया नेहमीप्रमाणे गुडघे एका बाजूला वळवून पुढे जाणाऱ्यांना वाट देत होती. तिची ती पाठ, ते वळणं. चौदा वर्षं दर रविवारी ती हे करत आली होती. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा खुपलं.

जेवणाला मोठ्या हंड्यात काचुपा शिजला होता. मका, घेवडा, डुकराचं मांस, सगळं रात्रभर मुरलेलं. सिल्विनोची पिशवी आता घरात खुंटीला होती आणि तो येईल त्याला ती दाखवत होता.

सोमवारी सकाळी नवी नवरी माझ्या ओसरीवर हजर. "लिहा."

"जूनमध्ये वर्षाचा कागद येईलच. तेव्हा लिहू की."

"बदल झाला की लगेच कळवा, असं छापलंय. तुम्हीच वाचून दाखवलं होतं."

मी लिहायला बसलो. तिच्यासाठी जीव तुटत होता म्हणून मी थोडी चलाखी केली. घरच्या परिस्थितीत काही फरक पडला आहे, घरात आता दोन माणसं आहेत, असं गोल गोल लिहिलं. मग तिला वाचून दाखवलं. इदालिनाला इंग्रजी लिहिता येत नाही, पण कारखान्यात अकरा वर्षं काढली होती. ती म्हणाली, "मास्तर, 'मॅरिड' शब्द ऐकू आला नाही."

"अर्थ तोच होतो."

"मग तो शब्द लिहायला काय हरकत आहे?"

मी कागद फाडला आणि दुसरा घेतला. लग्न झालं, अमुक तारखेला, नवऱ्याचं नाव अमुक, माझं नवं नाव अमुक. चीज विकते. तीन शेळ्या. फादरनी दिलेला दाखला जोडला. तिने डाव्या हाताने सही केली, नवं आडनाव दोनदा गिरवून. लखोटा तिने स्वतः निल्डाच्या हातात दिला आणि बोट बंदरातून सुटेपर्यंत वर कठड्याशी उभी राहिली.

उत्तर यायला पाच महिने लागले. या काळात पैसे येतच राहिले. तिने त्यातल्या एका दमडीला हात लावला नाही, परत मागतील म्हणून. दोघं चीजवर आणि बांधांच्या मजुरीवर जगले. सिल्विनो बारीक झाला. तीही झाली. पण ओसरीवरून मी त्यांना बघायचो, संध्याकाळी ती दोघं त्या बांधावर बसलेली असायची आणि सिल्विनो काहीतरी सांगत असायचा आणि ती हसत असायची. इतकी हसताना मी तिला आधी पाहिली नव्हती.

लखोटा आला तो जून महिन्यात. निल्डा पोस्ट बंद करून स्वतः घेऊन आली आणि तिच्या मागे अर्धं गाव. इदालिना आणि सिल्विनो पायरीवर बसले. म्हातारी न्हा जोआकिना, 'न्हा' म्हणजे आमच्याकडे 'बाई', पपई द्यायला म्हणून आली होती, तीही थांबली. मी चष्मा पुसला आणि लखोटा फोडला.

पहिल्यांदा मनातल्या मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. माझे कान तापले.

"बंद झालं ना?" इदालिनाने विचारलं. "सांगा, मास्तर. मी तयारीत आहे."

मी मोठ्याने वाचलं. तुमचं पेन्शन तुमच्या स्वतःच्या कामाच्या नोंदीवर मिळतं. तुमच्या लग्नामुळे त्यात काही बदल होत नाही. तुमचं नवं नाव नोंदवलं आहे. चीज विकण्याबद्दल सोबतचा फॉर्म भरून पाठवावा.

मग सिल्विनोने विचारलं, "म्हणजे चालू?"

"चालू," मी म्हणालो.

तो उठला आणि पुन्हा बसला. इदालिनाने आपल्या आखडलेल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "स्वतःच्या कामावर. म्हणजे माझ्या नावावर केलेलं काम."

"हो."

"आणि शेळ्यांचं?"

"शेळ्यांचं काही लिहिलेलं नाही."

लोक हसले, निल्डाने तिला मिठी मारली, कुणीतरी शिट्टी वाजवली. त्या गडबडीत इदालिनाचं डोकं चालूच होतं. "मग मास्तर, ऑगुस्ताचं का बंद झालं?"

उत्तर माझ्या तोंडातून निघत असतानाच मला कळत होतं. "तिने स्वतः काम केलेलं नव्हतं. तिला बापाच्या नावावर मिळायचं. पांगळी मुलगी म्हणून. मुलीचं लग्न झालं की ते थांबतं." वीस वर्षांपूर्वीच्या त्या पत्राच्या पहिल्या पानावर हेच लिहिलेलं असणार. मी शेवटची ओळ वाचली होती.

हसणं थांबलं. न्हा जोआकिना पुढे आली. तिच्याबरोबर राहणारा फोर्तुनातो दोन वर्षांपूर्वी वारला. त्यालाही अमेरिकेचं पेन्शन होतं. तो अंथरुणाला खिळला तेव्हा दोघांनी फादरना बोलवायचं ठरवलं होतं आणि मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं, वेडेपणा करू नका, औषधाचे पैसे जातील. त्याच्या अंत्यविधीला पहिल्या बाकावर त्याची बहीण बसली.

"मास्तर," न्हा जोआकिना म्हणाली, "आमच्याचं कुणाच्या नावावर होतं?"

"त्याच्या स्वतःच्या."

तिने मान हलवली. हातातली पपई माझ्या टेबलावर ठेवली, जशी नेहमी ठेवायची तशीच, आणि काठी टेकत पायऱ्या उतरली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आजही पपई चिरताना मला ती आठवते.

लोक पांगले. इदालिना मात्र थांबली. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलायला तिला पूर्ण हक्क होता. पाच महिने अर्धपोटी काढायला मीच लावले होते. ती म्हणाली, "तुम्ही किती जणांना सांगितलं होतं?"

"जोआकिना धरून चार घरं."

"मग कळवा."

"कुणाला?"

"त्यांनाच. चूक हाही बदलच आहे. लगेच कळवायचा असतो." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "माझं लग्न मात्र तुमच्या चुकीमुळे पक्कं झालं, मास्तर. पेन्शन जाणार असूनही हा माणूस पळाला नाही. हे मला एरवी कसं कळलं असतं?"

मी निघालो. न्हा जोआकिनाच्या मागे जाऊन तिची माफी मागितली. तिने मला बसायला स्टूल दिलं. मग दोन घरं केली. एका घरात मला कॉफी मिळाली, दुसऱ्या घरात तोंडावर लावलेलं दार. चौथं घर माझं स्वतःचं होतं.

आणि इथे खरं ते सांगून टाकतो, इदालिनाची गोष्ट सांगायची तर खोटं बोलून चालणार नाही. तो कायदा मला सोयीचा होता. लोकांना मी अज्ञानाने सांगितला, बियाला मात्र त्यामागे लपून सांगितला. लग्न म्हणजे पाद्र्यासमोर उभं राहणं, गावाने हसणं, साठीच्या माणसाने अंगठी घालणं. मला लाज वाटत होती. अमेरिकेचं सरकार आडवं येतंय म्हटलं की सुटलो.

बिया मक्याच्या पिठाचा कुशकुश वाफवत होती. टेबलावर तिचा लखोटा पडला होता, त्याच थैलीतून आलेला. बातमी माझ्याआधी घरी पोचली होती हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

"कितवं घर माझं?" तिने वळून न बघता विचारलं.

"चौथं."

"सगळ्यात जवळचं असून."

मी टेबलाशी बसलो. लखोटा फोडला, कागद पसरला, पेन उघडला. पत्ता तोच. काम नाही. प्रकृती तशीच. लग्नाच्या रकान्याशी आलो आणि हात थांबला. बिया या वेळी चुलीकडे तोंड करून नव्हती. झग्याला हात पुसत माझ्यासमोर उभी होती.

"बिया, इथे 'हो' लिहू?"

"का? काय झालंय 'हो' लिहायला?"

"झालं नाही. करू या म्हणतो."

"मग आत्ता कशाला लिहिता?" ती म्हणाली. "बदल आधी करायचा असतो, मास्तर. कळवायचा नंतर. एवढंही शिकला नाहीत इदालिनाकडून?"

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण डोळे भरले होते. चौदा वर्षांत मी तिला काय काय नाकारलं होतं ते मला एकदम सगळं दिसलं आणि लाज वाटली, पण ही लाज निराळी होती.

"कागदाची मुदत किती आहे?" तिने विचारलं.

"साठ दिवस."

"नावं पुकारायला तीन रविवार लागतात. बसतं."

मी पेन बंद केला, टोपी घेतली. "फादर या वेळी झोपलेले असतात."

"उठवा."

चर्चची चढण धुक्यात गेली होती. चार पावलं चढलो असेन, मागून बिया दारात आली. "मास्तर," तिने हाक मारली, "आणि फादरना सांगा, पुढचा बाक."